नाटकवेड्या संस्थानिकाच्या मुलखात पाच दिवस

जर्मनीच्या नकाशावर मायनिंगन शोधायचं तर बोट मधोमध ठेवावं आणि किंचित खाली सरकवावं. थुरिंगिया राज्याचा दक्षिण कोपरा, वेरा नदीचं खोरं, पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. १९१८ पर्यंत ही झाक्स-मायनिंगन संस्थानाची राजधानी होती. संस्थान केवढं? अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, आणि १८७१ मध्ये लोकसंख्या दोन लाखही भरत नव्हती. एवढ्याशा गादीवर गेऑर्ग दुसरा (१८२६–१९१४) जवळजवळ ४८ वर्षं बसला. त्याने तीन लग्नं केली आणि दरबारची नाटक कंपनी अशी घडवली की मॉस्को आणि पॅरिसच्या नाटकवाल्यांनी तिचे प्रयोग पाहून आपापली रंगभूमी बदलली. त्याचा संसार एकीकडे आणि नाटक दुसरीकडे असं करून हा मुलूख पाहता येत नाही. राजवाड्यात वाद्यवृंद भेटतो, किल्ल्यात नटीचं दालन, आणि नाटकघरात संसाराची कहाणी.

पाच दिवस पुरतात, पण वार नीट निवडावे लागतात. सोमवारी संग्रहालयं बंद. हेल्डबुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या बस शनिवार-रविवारी फार विरळ, म्हणून किल्ला आठवड्याच्या मधल्या वारीच करायचा. नाटकाचे प्रयोग मात्र शुक्रवार-शनिवारकडे झुकलेले. या तिन्ही अटी मंगळवार ते शनिवार या पाच दिवसांत बसतात. महिना मे ते सप्टेंबर चालेल. मात्र उन्हाळ्यात नाटकघराला सुट्टी असते, तेव्हा प्रयोग पाहायचाच असेल तर मे-जून बरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेच्या इंजिनांचा मेळा भरतो आणि गावात राहायला खोली मिळत नाही.

तिकिटांचंही आधीच सांगितलेलं बरं. थुरिंगियाच्या लोकल गाड्यांसाठी राज्याचं दिवसभराचं तिकीट मिळतं आणि एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, आणि गुरुवारी नेमकी हीच अट आडवी येते. देशभर चालणारं डॉइचलांडटिकेट महिन्याचं असतं आणि वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. ते घेतलंत तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

पहिला दिवस, मंगळवार : आयसेनाख ते मायनिंगन

फ्रँकफर्टहून आयसेनाखपर्यंत वेगवान गाडीने साधारण पावणेदोन तास. तिथून वेरा खोऱ्यातली लोकल गाडी तासाभरात मायनिंगनला पोचवते. हा लोहमार्ग १८५८ चा, गेऑर्गच्या वडिलांच्या कारकिर्दीतला.

गाडीत बसल्या बसल्या नावांचा गुंता सोडवून घ्यावा, नाहीतर पुढचे चार दिवस प्रत्येक पाटीपुढे अडखळायला होतं. आजोबा गेऑर्ग पहिला (१७६१–१८०३), वडील बर्नहार्ड दुसरा (१८००–१८८२), मग आपला गेऑर्ग दुसरा, आणि त्याचा मुलगा बर्नहार्ड तिसरा (१८५१–१९२८). आजोबांचं नाव नातवाला, आपल्याकडच्यासारखीच रीत. राजवाडा बांधणारा बर्नहार्ड पहिला तो सतराव्या शतकातला, आणखी वेगळा. गावातल्या वाटाड्याने नुसतं ‘हेर्त्सोग’, म्हणजे ड्यूक, एवढंच म्हटलं तर तो गेऑर्ग दुसऱ्याबद्दल बोलतोय असं समजावं.

वडिलांची गोष्ट ठाऊक नसेल तर मुलाची कळत नाही. बर्नहार्ड दुसरा तीन वर्षांचा असताना गादीवर आला. १८२१ पर्यंत त्याच्या आईने, लुइझे एलेओनोरेने, कारभार पाहिला. १८२५ मध्ये घराण्याची गोथा इथली शाखा निर्वंश झाली. भाऊबंदांत वाटण्या झाल्या आणि १८२६ मध्ये हिल्डबुर्गहाउझन आणि झालफेल्ड हे मुलूख मायनिंगनच्या पदरात पडले. संस्थान एका झटक्यात दुपटीहून मोठं झालं. त्याच वर्षी २ एप्रिलला गेऑर्ग जन्मला. पुढे १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं जुंपलं, तेव्हा बर्नहार्ड ऑस्ट्रियाच्या बाजूला राहिला. प्रशियाचं सैन्य मायनिंगनमध्ये शिरलं आणि २० सप्टेंबरला त्याला गादी सोडावी लागली. गेऑर्ग बर्लिनला प्रशियाच्या सैन्यात राहिलेला, त्याची पहिली बायको प्रशियाच्या राजघराण्यातली. त्यामुळे गादी घराण्यात राहिली. बाप मात्र पुढे १६ वर्षं जगला आणि मुलाच्या कारभारावर, विशेषतः तिसऱ्या लग्नावर, नाराज राहिला.

मायनिंगन स्टेशनातून बाहेर पडलं की समोर इंग्लिश बाग. संध्याकाळ तिथेच घालवावी. बागेत घराण्याचं समाधीचं चॅपल आहे आणि संगीतकार योहानेस ब्राम्सचं स्मारक. हे स्मारक १८९९ चं, शिल्पकार आडोल्फ फॉन हिल्डेब्रांड. ब्राम्स १८९७ मध्ये गेला. दोनच वर्षांत एवढ्याशा गावाने त्याचं स्मारक उभारलं. त्याचं कारण उद्या राजवाड्यात कळेल.

गाव जुनं असूनही रस्ते सरळ आणि घरं एकाच काळातली का दिसतात, तर ५ सप्टेंबर १८७४ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि नव्याने आखला गेला. त्याच वर्षी १ मेला ड्यूकच्या कंपनीने बर्लिनमध्ये पहिला प्रयोग केला होता. आग हा शब्द या प्रवासात पुन्हा पुन्हा येणार आहे.

जेवायला इथले ह्यूटेस मागवा. थुरिंगियात इतरत्र यांनाच क्लोसं म्हणतात. कच्चा बटाटा किसून घट्ट पिळायचा, त्यात उकडलेल्या बटाट्याचं गरम सरबरीत मिश्रण ओतायचं, आत तळलेल्या पावाचे तुकडे भरून टेनिसच्या चेंडूएवढे गोळे वळायचे आणि न उकळणाऱ्या गरम पाण्यात शिजवायचे. पाणी खदखदलं की गोळे फुटतात. शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : गोळ्यात मांस नसतं, वरच्या रश्शात असतं. मशरूमचा रस्सा आहे का, तेही मांसाच्या पाण्याशिवाय, असं स्पष्ट विचारावं.

दुसरा दिवस, बुधवार : एलिझाबेथेनबुर्ग राजवाडा

राजवाडा १६८२ ते १६९२ या काळात बांधला. बर्नहार्ड पहिल्याने त्याला दुसऱ्या बायकोचं, एलिझाबेथ एलेओनोरेचं, नाव दिलं आणि इमारतीचा आराखडाही तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरासारखा केला, असं सांगतात. चौकात उभं राहून ते कळत नाही, नकाशा हातात हवा. सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा, दुपारी एकपर्यंत निवांत पाहून होतो. तिकीट खिडकीवर राजवाडा आणि नाट्यसंग्रहालय मिळून एकत्र तिकीट मागा; शुक्रवारी कामाला येईल.

वहीत तीन रकाने आखून नेले तर इथली घराण्याची माहिती पटकन जागी बसते. पहिला रकाना प्रशियाच्या शार्लोटचा. लग्न १८ मे १८५०. तिच्या आईने, नेदरलँड्सच्या मारियानेने, इटलीत कोमो सरोवराकाठची हवेली लेकीला दिली. ती आजही ‘व्हिला कार्लोट्टा’ म्हणजे शार्लोटची हवेली म्हणून ओळखली जाते आणि तिच्या बागेसाठी पर्यटकांची रीघ लागते. पाच वर्षांत चार बाळंतपणं : बर्नहार्ड, गेऑर्ग, मारी एलिझाबेथ आणि शेवटचा मुलगा, ज्याचं नावही ठेवायचं राहिलं. १८५५ च्या जानेवारीत तीन वर्षांचाही न झालेला गेऑर्ग गेला. मार्चअखेर चौथ्या बाळंतपणात शार्लोट आणि बाळ दोघंही गेले. म्हणजे अवघ्या दोन-अडीच महिन्यांत तीन मृत्यू, आणि युवराज २८ वर्षांचा.

दुसरा रकाना होहेनलोहे-लांगेनबुर्गच्या फेओडोराचा. लग्न २३ ऑक्टोबर १८५८. हिची आई राणी व्हिक्टोरियाची सावत्र बहीण. मुलगे तीन : एर्न्स्ट, फ्रीडरिश आणि जन्मल्यावर तीनच दिवसांत गेलेला व्हिक्टोर. हा संसार सुखाचा नव्हता. १० फेब्रुवारी १८७२ ला फेओडोरा लाल तापाने गेली.

तिसरा रकाना आज रिकामा ठेवा, तो हेल्डबुर्गला भरायचा आहे.

इंग्लंडचे धागे इथे इतके आहेत की गोंधळ व्हावा. गेऑर्गची आत्या आडेलहाइड याच मायनिंगनची, १७९२ मध्ये जन्मलेली. ती इंग्लंडच्या चौथ्या विल्यमची राणी झाली आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराला तिचं नाव मिळालं. गेऑर्गची थोरली सून शार्लोट ही व्हिक्टोरियाची नात; तिचं आणि बर्नहार्डचं लग्न १८ फेब्रुवारी १८७८ ला बर्लिनमध्ये झालं. पहिली सासू आणि सून दोघीही शार्लोट, दोघीही प्रशियाच्या. पाट्या वाचताना साल पाहूनच पुढे जावं.

राजवाड्यातला खरा ऐवज संगीताच्या दालनात आहे. इथला दरबारी वाद्यवृंद १६९० चा, आणि आजही तो वाजतो. गेऑर्गने गादीवर आल्यावर ऑपेरा बंद केला. त्याच्या हिशेबाने छोट्या संस्थानाला नाटक, ऑपेरा आणि वाद्यवृंद असं सगळंच उत्तम परवडणारं नव्हतं. सगळं मध्यम करण्यापेक्षा दोनच गोष्टी नीट करायच्या. वाचलेलं बळ नाटक आणि वाद्यवृंदाकडे वळलं. १८८० मध्ये त्याने पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोला वाद्यवृंदाचा प्रमुख नेमलं. वादक जेमतेम पन्नास. ब्यूलोने त्यांच्याकडून तालमी अशा करून घेतल्या की पुढ्यात कागद नसताना, उभ्याने, सगळी सिंफनी पाठ वाजवायचे. आधी व्हायोलिनं वेगळी, मग फुंकवाद्यं वेगळी, आणि शेवटी सगळे एकत्र, ही त्याची पद्धत.

ब्राम्सला याच कारणासाठी मायनिंगन आवडायचं. नवी रचना आधी या वाद्यवृंदाकडून वाजवून पाहता यायची. त्याची चौथी सिंफनी २५ ऑक्टोबर १८८५ ला इथे पहिल्यांदा वाजली, वाद्यवृंदापुढे तो स्वतः उभा होता. त्या हंगामात ब्यूलोच्या हाताखाली २१ वर्षांचा, पुढे संगीतकार म्हणून गाजलेला रिखार्ड श्ट्राउस शिकत होता. आणि ब्राम्सने लिहिणं थांबवल्यातच जमा होतं तेव्हा इथल्या रिखार्ड म्यूलफेल्डची क्लॅरिनेट ऐकून १८९१ मध्ये पुन्हा लेखणी उचलली. क्लॅरिनेटसाठीच्या त्याच्या शेवटच्या रचना म्यूलफेल्डमुळे झाल्या. घरातही संगीत होतंच : ड्यूकची लेक मारी एलिझाबेथ पियानो वाजवायची आणि रचनाही करायची. राजवाड्यातल्या जुन्या चर्चला आज ब्राम्सचं नाव आहे आणि तिथे मैफली होतात. संध्याकाळी एखादी असेल तर सोडू नये. दगडी सभागृह आहे, उन्हाळ्यातही शाल न्या.

तिसरा दिवस, गुरुवार : हेल्डबुर्ग

आजचा दिवस चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. मायनिंगनहून लोकलने हिल्डबुर्गहाउझन, अर्धा-पाऊण तास. तिथून बसने विसेक किलोमीटर दक्षिणेला हेल्डबुर्ग. बस कमी आणि बऱ्याचशा शाळेच्या वेळांना बांधलेल्या. शाळांना सुट्टी असली की वेळापत्रकातल्या काही फेऱ्या गायब होतात. वेळापत्रकात फेरीच्या वर छोटं अक्षर असतं, ते शाळेच्या दिवसांचं की रोजचं, हे खाली तळटिपेत बघा. परतीची शेवटची बस आधी पक्की करा आणि मगच चढा. सकाळी नऊच्या आधीची गाडी धरायची असेल तर दिवसभराचं राज्य-तिकीट चालणार नाही, साधं तिकीट घ्या. तिघं-चौघं असाल तर हिल्डबुर्गहाउझनहून टॅक्सी सांगून ठेवणं शहाणपणाचं.

हिल्डबुर्गहाउझनला तासभर मिळाला तर चौकात चहा घ्या. १८२६ पर्यंत इथे वेगळी गादी होती. इथली राजकन्या तेरेझे हिचं १८१० मध्ये म्युनिकला बव्हेरियाच्या युवराजाशी लग्न झालं, त्या सोहळ्यातल्या घोड्यांच्या शर्यतीतून पुढे ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला. एवढी मोठी बिअरची जत्रा जिच्या लग्नातून निघाली, तिच्या माहेरी मात्र पर्यटक उतरत नाहीत.

हेल्डबुर्ग गावातून किल्ल्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण. ज्वालामुखीच्या दगडाची ही सुटी टेकडी, उंची ४०३ मीटर. सभोवार सपाट शेतं असल्याने किल्ला फार लांबून दिसतो. कोरडी पायवाट सोपी आहे. पाऊस पडून गेला असेल तर पानांवरून पाय घसरतो, तेव्हा मोटार रस्त्याने जा.

किल्ला जुना, पण आज दिसतं ते रूप बरंचसं गेऑर्गचं. १८७५ पासून त्याने शिखरं, छपरं, दालनं पुन्हा रचली, ती नाटकाचं नेपथ्य रचावं तशी : लांबून आकृती कशी दिसेल याचा विचार आधी, आतल्या सोयीचा नंतर. इतिहासाच्या काटेकोर अभ्यासकाला हे खटकेल. पण चढावरच्या शेवटच्या वळणावर थांबून वर पाहा, मग त्याला दोष देणं जड जातं.

आता तिसरा रकाना. एलन फ्रान्त्स, जन्म १८३९, बाप जर्मन शिक्षक, आई इंग्रज. पियानो शिकली ब्यूलोकडे, पण झाली नटी. १८६७ मध्ये मायनिंगनच्या दरबारी कंपनीत आली. फेओडोरा गेल्यावर वर्षभराने, १८ मार्च १८७३ ला, ड्यूकने लीबेनश्टाइनला तिच्याशी लग्न केलं. नटीला डचेस होता येत नव्हतं. अशा लग्नात बायकोला नवऱ्याचा हुद्दा मिळत नाही आणि मुलांना गादीचा हक्क नसतो. म्हणून ड्यूकने तिला या किल्ल्याच्या नावाची पदवी दिली : फ्रायफ्राउ फॉन हेल्डबुर्ग, म्हणजे हेल्डबुर्गची बॅरोनेस. म्हातारा बर्नहार्ड संतापला, बर्लिनचा कैसर नाराज झाला. ड्यूकने कुणाचंही मनावर घेतलं नाही. एलनने रंगमंचावर उभं राहणं सोडलं आणि कंपनीच्या संहिता, नटांची निवड, त्यांची वाणी हे सगळं हातात घेतलं. या दोघांना मूल झालं नाही. पन्नास वर्षांचा हा संसार नव्हे, पण ४१ वर्षांचा होता आणि पहिल्या दोहोंहून भक्कम.

आत एलनचं दालन पाहा. भिंती, लाकूडकाम, सजावट यांत ड्यूकचा हात आहे. बाकी दालनांत २०१६ पासून जर्मन किल्ल्यांचं संग्रहालय आहे : तटबंदी, वेढे, किल्ल्यातलं रोजचं जगणं. चांगलं आहे, पण त्यातच तीन तास गेले तर एलनच्या दालनाला वेळ उरत नाही. क्रम उलटा ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर किल्ला पूर्व जर्मनीत, पश्चिम सीमेला अगदी लागून. इथे मुलांचं वसतिगृह होतं. १९८२ च्या आगीत ‘फ्रेंच बांधणी’ म्हणवणारी सोळाव्या शतकातली देखणी इमारत जळाली आणि सरहद्दीच्या बंदोबस्तात ती तशीच पडून राहिली. जर्मनी एक झाल्यावर ती पुन्हा उभी केली.

चौथा दिवस, शुक्रवार : पडदे आणि प्रयोग

राजवाड्याशेजारी, राजघराण्याच्या घोडेस्वारीच्या जुन्या सभागृहात, १९९९ पासून नाट्यसंग्रहालय आहे. इथे वाटेल तेव्हा शिरून हिंडायचं नाही. दिवसात ठरावीक वेळी कार्यक्रम होतो : माणसं अंधारात बसतात, एक मूळ नेपथ्य उजेडात येतं आणि त्याची माहिती सांगितली जाते. वेळ चुकली तर पुढच्या खेळापर्यंत थांबावं लागतं. निवेदन जर्मनमध्ये असतं. दुसऱ्या भाषेतलं टिपण आहे का, ते सुरू होण्याआधीच मागा. दिवे गेल्यावर वाचता येत नाही.

एका वेळी एकच नेपथ्य मांडलेलं असतं आणि काही काळाने ते बदलतात. त्याचं कारण कापडात आहे. हे पडदे सरसाच्या रंगात रंगवलेले : रंगाची पूड पाण्यात कालवून त्यात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस घालायचा. तेलरंगापेक्षा हा स्वस्त, झटकन वाळणारा, आणि वाळला की चमकत नाही, त्यामुळे दिव्यांचा झगझगाट पडद्यावरून परत येत नाही. वाईट बाजू अशी की तो पाण्याने उतरतो, घडी घातली की घडीवर तडकतो, हवा फार कोरडी झाली की पापुद्रे सुटतात आणि दमट झाली की सरसाला बुरशी धरते. म्हणून पडदे गुंडाळून ठेवायचे, उजेड मंद, हवा कायम एकसारखी. छायाचित्राला परवानगी असली तरी फ्लॅश नको.

हे पडदे ड्यूकच्या रेखाटनांवरून कोबुर्गच्या ब्र्युकनर बंधूंनी रंगवले. त्यांच्याच कारखान्यातून बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांच्या १८७६ च्या महोत्सवाचं नेपथ्य गेलं. पडद्यांत तपकिरी, पिवळट, शेवाळी रंगांची चलती आहे. विजेच्या पांढऱ्या प्रकाशात ते मळकट वाटतील. ते गॅसच्या पिवळ्या ज्योतीसाठी रंगवलेत, हे मनात धरून पाहावं.

आता ड्यूकने नक्की केलं काय, ते. त्याच्या आधी नेपथ्य म्हणजे मागे एक रंगवलेला पडदा, दोन्ही बाजूंना विंगा, वर आकाशाच्या निळ्या झालरी. आणि मुख्य नट मधोमध येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून बोलणार. ड्यूकचा पहिला नियम : ठीक मध्यावर कुणी उभं राहायचं नाही. मध्य साधला की चित्र मरतं. दुसरा : नटाने रंगवलेल्या घराजवळ जायचं नाही, कारण पडद्यावरचं घर लांबचं म्हणून लहान काढलेलं असतं, आणि नट शेजारी उभा राहिला की दाराहून उंच दिसतो. तिसरा : जमीन सपाट ठेवायची नाही. पायऱ्या, चौथरे, उंचवटे हवेत. नटाचा एक पाय वरच्या पायरीवर पडला तरी अंगाला आपोआप डौल येतो. चौथा : आकाशाच्या झालरी शक्यतो टाळायच्या, त्याऐवजी फांद्या, निशाणं किंवा छताचं लाकूडकाम पुढे आणायचं.

जमावाचं तंत्र सर्वांत प्रसिद्ध झालं. कंपनीतली मोठी नटमंडळीही, त्या नाटकात भूमिका नसेल तर, जमावात उभी राहायला बांधलेली होती. नकार चालत नसे. जमावाचे छोटे गट पाडायचे. प्रत्येक गटाला एक अनुभवी नट नायक, त्याने गटातल्या नवख्यांना कधी ओरडायचं, कधी मान वळवायची हे शिकवायचं. शेजारी शेजारी सारख्या उंचीची डोकी येऊ द्यायची नाहीत. तशी आली तर एकाने गुडघा टेकायचा, दुसऱ्याने पायरी चढायची. कुणी प्रेक्षकांकडे पाहायचं नाही. आणि जमाव मोठा दाखवायचा तर त्याची कड विंगेत नेऊन दिसेनाशी करायची, म्हणजे पलीकडे आणखी माणसं आहेत असं वाटतं. तालमीला पहिल्या दिवसापासून चिलखत, तलवार, लांब झगा अंगावर हवा. कापड अस्सल आणि जड. अंगावर चढल्याशिवाय त्यात चालता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. तालमींची संख्या ठरलेली नसे. दरबारची कंपनी असल्याने तिकीटविक्रीची घाई नव्हती, हे विसरून चालणार नाही. धंद्यावर जगणाऱ्या कंपनीला हे सगळं जमलं नसतं.

कामाची वाटणी तिघांत होती. चित्र ड्यूकचं, शब्द आणि वाणी एलनची, तालीम आणि दौरे लुडविग क्रोनेकचे. क्रोनेक मुळात विनोदी नट. त्याला दिग्दर्शक केलं तेव्हा लोक हसले. मग त्याने शेक्सपिअरचं ‘जूलियस सीझर’ घेऊन १ मे १८७४ ला बर्लिन गाजवलं, १८८१ मध्ये लंडनचं ड्रुरी लेन नाटकघर. १८८८ मध्ये ब्रसेल्सला फ्रेंच दिग्दर्शक आंत्वानने आणि १८९० मध्ये मॉस्कोला तरुण रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने हे प्रयोग पाहिले. १८९० मध्ये ओडेसाला दौरे थांबले, मुख्यतः क्रोनेकच्या प्रकृतीमुळे. पुढच्या वर्षी तो गेला. १७ वर्षांत अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले, त्यांतले तीनशेहून जास्त एकट्या ‘सीझर’चे. या पायंड्याची उणी बाजूही तेव्हाच बोलली गेली होती : कापड आणि कुलुपं अस्सल, पण मुख्य नट कधी कधी साधारण. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी नाटकघर. १८३१ चं जुनं नाटकघर ५ मार्च १९०८ ला जळालं. ८१ वर्षांच्या ड्यूकने ते पुन्हा बांधायला घेतलं आणि १७ डिसेंबर १९०९ ला नवं उघडलं, जुन्याच्या उद्घाटनाच्याच तारखेला. दर्शनी खांबांच्या वर कोरलंय : लोकांच्या आनंदासाठी आणि उन्नतीसाठी. ज्या ड्यूकने ऑपेरा बंद केला त्याच्या नाटकघरात आज ऑपेरा दणक्यात चालतो. जर्मन येत नसेल तर तिकीट ऑपेराचंच काढा. आधी इंटरनेटवर बघून ठेवा. बाहेरगावचे लोक खास गाड्या करून येतात. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं ‘भुतं’ बहुतेक जर्मन शहरांत सेन्सॉरने अडवलेलं असताना १८८६ च्या डिसेंबरात ड्यूकने ते इथे जुन्या नाटकघरात केलं, खुद्द इब्सेन हजर होता.

पाचवा दिवस, शनिवार : दोन समाध्या

सकाळी लवकर गावाच्या पार्कफ्रीडहोफ दफनभूमीत जा. गेऑर्ग २५ जून १९१४ ला बाड विल्डुंगन इथे गेला, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या महिनाभर आधी. त्याची समाधी बागेतल्या घराण्याच्या चॅपलमध्ये नाही, इथे गावकऱ्यांच्या दफनभूमीत आहे. एलन १९२३ मध्ये गेली, ती त्याच्या शेजारी.

मग सामान घेऊन आयसेनाखच्या दिशेची गाडी, बाड झाल्त्सुंगनला उतरायचं. लीबेनश्टाइनला आता प्रवासी रेल्वे नाही, बस धरायची. बाड झाल्त्सुंगन छोटं स्टेशन आहे, सामानाचं कपाट मिळेलच असं धरू नका. मोठ्या बॅगा असतील तर आधी आयसेनाखला ठेवून उलट येणं बरं. लीबेनश्टाइनहून आल्टेनश्टाइनची बाग तीनेक किलोमीटर, चढाची. पायात चांगले बूट हवेत.

इथला वाडा गेऑर्गने १८८० च्या दशकाअखेरीस इंग्लिश धर्तीवर नव्याने बांधला आणि उन्हाळे इथे काढले. ब्राम्सही इथे पाहुणा म्हणून येऊन गेला. हाही १९८२ मध्येच जळाला, आतून पार. भिंती आणि छप्पर पुन्हा उभं केलंय, पण आतला डामडौल पाहायला म्हणून जाऊ नका. जायचं ते बागेसाठी : दीडशेहून जास्त हेक्टर, आजोबा गेऑर्ग पहिल्याने सुरू केलेली. वाड्यापुढे गालिच्यासारखे फुलांचे ताटवे, मागे कड्यांवर चिनी घर, सैतानाचा पूल, दगडी फुलांची परडी. सगळं पाहायला तीन तास. पुलावर वारा असतो आणि पाऊस पडून गेल्यावर चुनखडीचा दगड साबणासारखा होतो.

परतताना श्वाइना गावातली फ्रीडरिश फ्र्योबेलची समाधी पाहता येते. जगाला बालवाडी देणारा हा माणूस १८५२ मध्ये जवळच्या मारियेनथालमध्ये गेला. ते घर त्याला गेऑर्गच्या वडिलांनी दिलं होतं. समाधीचा दगड म्हणजे घन, त्यावर दंडगोल, त्यावर गोल : मुलांना खेळायला दिलेले त्याचेच ठोकळे.

बर्नहार्ड तिसरा आणि शार्लोट मात्र आल्टेनश्टाइनच्या बागेतच आहेत. त्याला गादी मिळाली वयाच्या ६३ व्या वर्षी आणि टिकली चार वर्षं. १० नोव्हेंबर १९१८ ला त्याने ती सोडली. धाकटा सावत्र भाऊ फ्रीडरिश १९१४ च्या ऑगस्टमध्ये, बाप गेल्यावर दोन महिन्यांत, बेल्जियममध्ये पडला होता. मधला एर्न्स्ट चित्रकार, त्यानेही बापासारखंच घराण्याबाहेर लग्न केलं, एका कादंबरीकाराच्या लेकीशी. बर्नहार्डला एकच मुलगी. समाधी वाड्यापासून आत झाडीत आहे आणि पाटी लहान. बागेच्या नकाशावर खूण करून घेतल्याशिवाय सापडत नाही. शनिवारी दुपारनंतर खाली जाणाऱ्या बस कमी होतात, तेव्हा समाधी आधी आणि पूल नंतर.